शेजारचा गाळा

पेठेत शेजारचा गाळा एका पिढीत एकदाच सुटतो. पुण्याचा लक्ष्मी रस्ता असो, कोल्हापूरचा महाद्वार रोड असो की नागपूरची सीताबर्डी, भिंतीला भिंत लागून असलेल्या दुकानदाराने धंदा आवरला किंवा त्याच्या घरात वाटण्या झाल्या, की तो गाळा बाजारात येतो आणि हो की नाही ते आठवड्याभरात सांगावं लागतं. साडीच्या दुकानाला असा गाळा मिळाला की घरी पेढे येतात. दुसऱ्या दिवशी प्रश्न उभा राहतो, की मधली भिंत पाडायची तर दुकान किती दिवस बंद ठेवायचं?

आमचं ठाम मत असं, की बंद ठेवायचंच नाही. साडीचं दुकान म्हणजे बस्त्याची ओळख. एखाद्या घरातल्या आजीच्या, आईच्या आणि लेकीच्या लग्नाचा बस्ता एकाच दुकानात बांधला जातो, तो सवयीने आणि विश्वासाने. त्या घरचं लग्न ठरलं आणि दाराशी शटर खाली दिसलं, तर ते चार दुकानं पुढे जातात. मग धाकटीच्या लग्नालाही पावलं तिकडेच वळतात. दोन महिन्यांचा गल्ला बुडाला तर पुढे भरून काढता येतो, एक घर तुटलं तर ते वीस वर्षांचं नुकसान असतं. शिवाय बंद दुकानाचे पगार चालूच राहतात आणि चांगला सेल्समन दोन महिने रिकामा बसत नाही.

पण चालू दुकानात बांधकाम करायचं तर कामाची मोजणी वेगळी धरावी लागते. ठेकेदार आठवड्यांत बोलतो, तोडफोड दोन आठवडे, फरशी एक, फर्निचर तीन. दुकानदाराला मात्र रोज सकाळी साडेदहाला दुकान परत मिळालं पाहिजे. झाडलेलं, पुसलेलं, दिवे लागलेले, उंबऱ्यात रांगोळी आणि भवानीच्या गिऱ्हाइकाला बसायला जागा. त्यामुळे प्रत्येक कामाचे असे तुकडे पाडायचे, की त्या दिवसाचा तुकडा दहाच्या आत संपेल. जे काम असं तुटत नाही, उदाहरणार्थ गर्डर (लोखंडी तुळई) चढवणं किंवा मुख्य वीजजोडणी बदलणं, ते आठवडी सुट्टीच्या दिवशी जातं. महिन्यात अशा सुट्ट्या चार, फार तर पाच. म्हणून कागदावर सर्वांत आधी त्या सुट्ट्या मांडायच्या आणि कुठल्या सुट्टीला कुठलं न तुटणारं काम, ते लिहायचं. उरलेलं काम त्यांच्या मधल्या दिवसांत बसतं.

सगळं रात्री उरकू, असं अनेकांना वाटतं. पेठेत ते जमत नाही, कारण वरच्या मजल्यांवर माणसं राहतात. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा ही शांततेची वेळ आहे. नियम नसता तरी डोक्यावर लहान मूल झोपलेलं असताना घण मारणं बरं नाही, आणि त्या शेजाऱ्यांची सही आपल्याला पुढे लागणारच असते. म्हणून आवाजाचं काम सकाळी पावणेसात ते साडेनऊ. मग अर्धा तास झाडलोट. रात्री वायरी ओढणं, रंग, पुट्टी, फरशी बसवणं आणि राडारोडा बाहेर काढणं. फरशी कापण्याचं यंत्रही दिवसाच चालवायचं आणि कापलेले तुकडे रात्री बसवायचे.

कुठल्या महिन्यात हात घालायचा, ते आपलं पंचांगच सांगतं. तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई, मग पाडवा, अक्षय्य तृतीया आणि ज्येष्ठापर्यंतचे मुहूर्त. या काळात भिंतीला खिळाही मारू नये. आषाढ थंड असतो. श्रावणात मंगळागौरीच्या नऊवाऱ्या निघतात, गणपतीआधी दोन आठवडे गर्दी, मग पितृपक्षाचा पंधरवडा जवळजवळ रिकामा आणि घटस्थापनेपासून दिवाळीपर्यंत श्वास घ्यायला फुरसत नाही. २०२६ मध्ये ज्येष्ठ अधिक आहे, १७ मे ते १५ जून. धोंड्याच्या महिन्यात लग्नं नसतात, पण लेकीला साडी आणि जावयाला कपडे होतात, त्यामुळे किरकोळ विक्री चालू राहते. हा महिना कागदपत्रांना, मोजमापांना आणि कारखान्यात फर्निचर बनवायला टाकण्याला द्यावा. आषाढ जुलैच्या मध्यापासून १२ ऑगस्टपर्यंत. तोडफोड आणि गर्डर तेव्हा. श्रावणात फरशी, छत, रंग. पितृपक्षात नवीन कामाची सुरुवात कोणी करत नाही, पण माल हलवायला त्याच्यासारखा निवांत पंधरवडा दुसरा नाही. यंदा तो १० ऑक्टोबरला संपतो आणि ११ ला घट बसतात. त्या दिवशी दुकान पूर्ण उघडलेलं असावं, हे उद्दिष्ट धरून मागे मोजत यायचं.

याची किंमत पावसाळा वसूल करतो. ओल्या हवेत पुट्टी आणि प्लास्टर सुकत नाही. वरून कोरडं दिसतं आणि रंग दिल्यावर महिन्याभरात पापुद्रे निघतात. जुन्या भिंतीत ओल चढत असेल तर आधी तिचं कारण शोधायचं. बहुतेक वेळा ते मागच्या बोळातलं गटार किंवा वरच्या मजल्याची मोरी असतं. श्रावणात मापाने बसवलेलं लाकडी दार फेब्रुवारीत आकसतं, फटी पडतात. त्यामुळे फळ्यांसाठी चांगलं प्लायवूड घ्यावं आणि भरीव लाकूड फक्त पट्ट्यांपुरतं.

कागदपत्रांबद्दल थोडक्यात, पण ती टाळू नयेत. गाळा भाड्याचा असेल तर घरमालकाची लेखी संमती सर्वांत आधी. महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम १६ प्रमाणे लेखी संमतीशिवाय कायमचं बांधकाम करणं हे जागा खाली करून घेण्याचं कारण ठरू शकतं, आणि पेठेतली निम्मी भांडणं तिथूनच उगवतात. सोसायटीची इमारत असेल तर सोसायटीचा ना हरकत ठराव. त्यानंतर परवानाधारक स्ट्रक्चरल इंजिनिअरचा नकाशा आणि महापालिकेची परवानगी. पोटमाळ्याचा मोह बहुतेकांना होतो. मंजुरीशिवाय तो घालू नये, कारण पुढे विक्री, कर्ज आणि अग्निशमनाचा दाखला या तिन्ही ठिकाणी तोच आडवा येतो. नव्या गाळ्याचा मिळकत क्रमांक वेगळा असेल तर जीएसटी नोंदणीत तो पत्ता पंधरा दिवसांच्या आत जोडावा लागतो. भिंत, फरशी, छत अशा स्थावर बांधकामाच्या बिलांची रक्कम भांडवली खर्चात धरली की त्यावरचा जीएसटी परत मिळत नाही, सुट्या फर्निचरचं आणि संगणकाचं तसं नाही. म्हणून ठेकेदाराकडून एकच ठोक बिल न घेता आधीच सीएला विचारून बिलं वेगळी करून घ्यावीत. विमा कंपनीला मात्र काम सुरू होण्याआधी पत्र गेलंच पाहिजे. पॉलिसी एका पत्त्यावरच्या मालाची असते. नव्या गाळ्यात ठेवलेली पैठणी तो पत्ता पॉलिसीत चढेपर्यंत विम्याबाहेर आहे.

आता भिंत. तिच्यावर घाव घालण्याआधी दोन्ही बाजूंनी तीन-चार ठिकाणी फूटभर रुंदीचे पट्टे प्लास्टर खरवडून पाहायचे. नकाशा काहीही सांगो, आत काय आहे ते तिथेच कळतं. आरसीसीच्या (सळया घातलेल्या काँक्रीटच्या) चौकटीतली भरावाची भिंत असेल तर भार तुळया आणि खांबांवर असतो. भिंत काढता येते, खांबाला मात्र दोन इंचांसाठीही छिन्नी लावायची नाही. अशा इमारतीतही तळमजल्याच्या सगळ्या भिंती काढणं धोक्याचं. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात भूज आणि अहमदाबादमध्ये तळमजला मोकळा असलेल्या इमारतींचं फार नुकसान झालं, कारण आडवा हेलकावा घ्यायला खाली काही उरलेलं नव्हतं. किती भिंत ठेवायची ते इंजिनिअरने ठरवायचं, आणि त्याने ठेवायला सांगितलेल्या तुकड्यावर आरसा लावायचा. साडी अंगावर लावून बघायला नाहीतरी तो लागतोच. वाड्याची जागा असेल तर भार लाकडी खांब-तुळयांवर असतो आणि पांढऱ्या मातीच्या किंवा विटांच्या भिंतीच्या पोटात एखादा खांब गाडलेला निघतो. कित्येकदा त्याचा तळ वाळवीने पोकळ झालेला असतो. तो सापडला की बाकी सगळं थांबवून आधी त्याची सोय.

सर्वांत जास्त जपावं लागतं ते भार पेलणाऱ्या चौदा इंची विटांच्या भिंतीला. इथे चौदा फुटांचा एकच मोठा दरवाजा पाडण्यापेक्षा सहा-सहा फुटांचे दोन पाडावेत आणि मधे भक्कम विटकाम ठेवावं. गर्डर लहान लागतो, वजन कमी, धोका कमी, आणि गिऱ्हाइकाला एका बाजूने जाऊन दुसऱ्या बाजूने येता येतं. सहा फुटांच्या दरवाजाला दोन्ही टोकांना किमान नऊ-नऊ इंच टेकू धरला की साडेसात फुटांचा गर्डर होतो. दोनशे मिलिमीटर उंचीचा आय गर्डर धरला तर असा एक नग साठेक किलोचा भरतो, चार माणसं तो दुकानातून उचलून नेऊ शकतात. प्रत्यक्ष माप हिशेबानेच ठरवायचं.

क्रम असा. आधी वरच्या मजल्याचा भार काढून घ्यायचा. भिंतीत तीन-तीन फुटांवर आरपार भोकं पाडून त्यातून आडवे लोखंडी तुकडे घालतात आणि दोन्ही बाजूंना त्यांच्याखाली स्टीलचे प्रॉप, म्हणजे टेकू, लावतात. प्रॉपखाली जाड फळी हवी, आणि त्या फरशीखाली जुनी टाकी किंवा पोकळी नाही याची खात्री हवी. मग भिंतीच्या एका अंगाला अर्ध्या जाडीची खाच, टोकांना काँक्रीटचे बेड ब्लॉक, म्हणजे गर्डर टेकवायचे ठोकळे. ब्लॉक पक्के झाले की पहिला गर्डर. गर्डर आणि वरची वीट यांच्यातली फट न आकसणाऱ्या ग्राउटने (फटी भरायच्या खास सिमेंट मसाल्याने) ठासून भरायची आणि ती घट्ट झाल्यावरच दुसऱ्या अंगाची खाच. दुसरा गर्डर बसला की दोन्ही बोल्टने एकमेकांना जखडायचे. त्यानंतर खालची भिंत वरून खाली, थराथराने उतरवायची.

बिघडतं ते बहुतेक त्या फटीत. गवंडी ती साध्या मसाल्याने लिंपून टाकतो, मसाला आकसतो, प्रॉप काढले की वरची भिंत दोन-तीन मिलिमीटर खाली बसते. एवढंसं वाटतं, पण वरच्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरातली टाइल उडायला तेवढं पुरतं. दुसरी चूक घाईची. आठवड्याने प्रॉप काढा म्हणून दुकानदार मागे लागतो, कारण ते गिऱ्हाइकाच्या वाटेत असतात. स्टीलचा गर्डर वापरण्याचं खरं कारण हा वेळच आहे. त्याच जागी आरसीसी तुळई ओतली तर आयएस ४५६ या काँक्रीटकामाच्या भारतीय मानकाप्रमाणे सहा मीटरपर्यंतच्या तुळईखालचे टेकू चौदा दिवस आणि त्याहून लांब तुळईखालचे एकवीस दिवस काढता येत नाहीत, शिवाय रोज पाणी मारत राहायचं, तेही रेशमाच्या शेजारी.

काम सुरू होण्याआधी वरच्या बिऱ्हाडांत जाऊन, त्यांच्यासमोर, प्रत्येक भिंतीचे फोटो काढावेत. जुन्या भेगांवर काचेच्या पातळ पट्ट्या प्लास्टर ऑफ पॅरिसने चिकटवून तारीख लिहावी. भेग हलली तर पट्टी तडकते. तडकली की काम थांबवून इंजिनिअरला बोलवायचं. या दोनशे रुपयांच्या काचा शेजारधर्म टिकवतात.

राडारोड्याचा हिशेब आधी केला नाही तर तो दुकानाच्या दारात येऊन बसतो. सहा फूट रुंद, आठ फूट उंच, चौदा इंच जाड असे दोन दरवाजे म्हणजे सुमारे ११२ घनफूट विटकाम. घनफुटाला चौपन्न किलो धरा, सहा टन. फुटल्यावर तो दीडपट फुगतो, म्हणजे दीड ब्रासच्याही पुढे (ब्रास म्हणजे शंभर घनफूट). पंचवीस किलोची गोणी भरली तर गोणी दोनशे चाळीस. रोजच्या पावणेतीन तासांत पंधरा-सोळा घनफूट बेताने निघतं, म्हणजे सात-आठ सकाळी नुसती तोडफोड आणि रोज तीसेक गोणी. त्या नव्या गाळ्याच्या शटरने बाहेर जायच्या, चालू दुकानातून एकही नाही. गोणी पंचवीस किलोपेक्षा जड भरू देऊ नका. माणसाची पाठ जाते, आणि गोणी वाटेत फाटली तर पुढचा तास झाडण्यात जातो.

क्रमाबद्दल मतभेद आहेत. पुष्कळजण नवा गाळा आधी पूर्ण सजवतात, दुकान तिकडे हलवतात आणि भिंत शेवटी पाडतात. ऐकायला सुटसुटीत वाटतं. आमच्या मते भिंत आधी. भिंतीतून निघणारी अडचण, मग तो गाडलेला खांब असो, वरून येणारा सांडपाण्याचा नळ असो की दोन गाळ्यांच्या फरशीतला पाच इंचांचा फरक, सगळी योजना बदलते. ती अडचण नवं छत आणि नवे रॅक लागल्यावर सापडली तर नवं काम फोडावं लागतं. आणि शेवटी पाडलेल्या भिंतीची धूळ दोन्ही सजलेल्या दालनांवर बसते. पाच इंचांच्या फरकाचंच घ्या. एका पायरीवर ओच्याची नऊवारी नेसलेली आजी हमखास अडखळते. एकास बारा असा उतार द्यायचा तर त्याला साठ इंच लागतात, म्हणजे पाच फूट जागा, आणि तेवढा एक काउंटर नकाशातून जातो. हे आधी कळलेलं बरं.

भिंत आधी पाडायची म्हणजे चालू दुकानाच्या आत तात्पुरता आडोसा घालायचा, भिंतीपासून साडेतीन-चार फुटांवर. इतकी जागा प्रॉप आणि गवंड्याला हवीच. आडोसा १२ मिलिमीटर प्लायचा किंवा जिप्सम बोर्डचा, सांध्यांवर टेप, खाली फोमची पट्टी. एक गोष्ट जवळपास सगळे विसरतात, की आडोसा फॉल्स सीलिंगपाशी थांबवून चालत नाही. धूळ छताच्या वरच्या पोकळीतून पलीकडे येते आणि दिव्यांच्या भोकांतून साड्यांवर गळते. सीलिंगची एक पट्टी कापून आडोसा थेट स्लॅबपर्यंत न्यायचा. कामाच्या बाजूला बाहेर हवा फेकणारा बारा इंची एक्झॉस्ट पंखा लावायचा. तो पुरेसा आहे का ते बघायला उदबत्ती पुरते. आडोशाच्या फटीजवळ धरली तर धूर कामाच्या बाजूला ओढला गेला पाहिजे. दुकानाकडे आला तर पंखा कमी पडतोय किंवा दुकानाच्या एसीचा ओढा जास्त आहे. एसीच्या जाळ्या त्या काळात रोज धुवायच्या.

एवढी काळजी रेशमासाठी. रेशीम हा प्रथिनांचा धागा आहे आणि त्याला अल्कली सोसत नाही. ओलं सिमेंट तीव्र अल्कलीयुक्त असतं. पावसाळ्याच्या दमट हवेत सिमेंटची धूळ घडीच्या कडेवर बसली आणि तशीच राहिली, तर त्या कडेचा रंग मंदावतो आणि पोत खरखरीत होतो. शालू उलगडल्यावर घडीघडीवर फिकट रेघ दिसते आणि ती धुऊन जात नाही. चांदीच्या जरीला गंधकाचे वाफारे काळं करतात. फर्निचरचं पॉलिश, सिंथेटिक गोंद, ऑइल पेंट यांचा वास कपड्यात मुरतो आणि घरी गेलेल्या साडीला आठवडाभर येत राहतो. त्यामुळे पॉलिश कारखान्यातच करून, वास उडाल्यावर फर्निचर आणायचं. दुकानात फक्त जोडणी. झाकण्यासाठी आधी मांजरपाट, त्यावर रात्रीपुरतं प्लास्टिक. सकाळी प्लास्टिक काढायचं, नाहीतर आत दमट हवा कोंडते आणि बुरशी धरते. भारी शालू आणि पैठण्या शक्यतो त्या दीड-दोन महिन्यांसाठी कोरड्या जागी हलवाव्यात, नमुन्याला वीस-पंचवीस ठेवून. आषाढात तेवढ्या पुरतात, आणि बस्ता आलाच तर सांगून मागवता येतात.

वेल्डिंगबद्दल तडजोड नको. साड्यांच्या दुकानात ठिणगी ही सर्वांत मोठी भीती, आणि ठिणगी पस्तीस फुटांपर्यंत उडते. कापायचं-जोडायचं ते रस्त्याच्या बाजूला किंवा कारखान्यात, आत फक्त बोल्ट. अगदीच अटळ असेल तर सकाळी करायचं. रात्री दुकान लावताना तर मुळीच नाही, कारण प्लायच्या फटीत शिरलेली ठिणगी तासभर धुमसत राहू शकते आणि तोवर शटरला कुलूप लागलेलं असतं. काम संपल्यावर एक माणूस आग विझवायचा एबीसी पावडरचा सिलिंडर घेऊन तासभर तिथेच बसलेला हवा. आणि काम चालू असताना बाहेर पडायच्या वाटेत गोणी, शिडी, साड्यांचे गठ्ठे काहीही नको.

विजेचा अर्ज भिंतीच्याही आधी. सहाशे चौरस फूट वाढवले तर एसीच पाच-सहा टनांचा लागतो, टनाला साधारण किलोवॉटभर. त्यावर दिवे, इस्त्री, फॉल-पिकोची यंत्रं. एकूण मंजूर भार २० किलोवॉटच्या वर गेला की व्यावसायिक दराचा टप्पा बदलतो आणि डिमांड चार्ज, म्हणजे युनिटांखेरीज भाराचा वेगळा आकार, लागतो. आकडा बेतशीर काढा. बदलाच्या दिवशी बिलिंगचा संगणक, कार्डाचं यंत्र आणि कॅमेरे वेगळ्या यूपीएसवर आधीच चालवून बघायचे.

दिव्यांवर खर्च करायला कचरू नका. गिऱ्हाईक साडी घेऊन उंबऱ्यापर्यंत उजेडात बघायला जातं, ते तुमच्या दिव्यांवर विश्वास नाही म्हणून. रंग खरा दाखवण्याचा निर्देशांक नव्वदच्या वर असलेले, चार हजार केल्विनचे दिवे घ्या, आणि जुन्या दालनातलेही त्याच वेळी बदला. नाहीतर इकडे जांभळी दिसलेली साडी तिकडे वांगी रंगाची दिसते आणि ठरलेला सौदा मोडतो. जरीच्या भिंतीवर तीन हजारचे चार-दोन दिवे शोभतात, पण निवडीच्या गादीवर नकोत. सगळे दिवे एकाच लॉटचे मागवून दहा टक्के जास्तीचे ठेवा.

रॅकच्या फळीचा पट्टा अडीच फुटांपेक्षा लांब ठेवू नये. एका फळीवर चाळीस रेशमी साड्या म्हणजे तीस किलोच्या आसपास भार, आणि तीन फुटांवर १८ मिलिमीटरचं प्लायसुद्धा दोन वर्षांत पोट काढतं.

माणसांचं नियोजन नकाशात दिसत नाही, पण दुकान चालू ठेवतात ती तीच. जुन्या सेल्समनचे हात थप्पी ओळखतात. गिऱ्हाइकाने मोरपंखी म्हणायचा अवकाश, की न बघता हात तिसऱ्या खणात जातो. माल हलवला की हे ज्ञान मोडतं, आणि आठवडाभर प्रत्येक साडीला दोन मिनिटं जास्त लागतात. म्हणून हमालांकडून माल हलवू नये. ज्याचं काउंटर त्यानेच आपल्या हातांनी हलवायचं, एका रात्री एकच प्रकार, बारकोड मारत मारत, म्हणजे वार्षिक मोजदादही होऊन जाते. आडोशालगतच्या काउंटरवर गिऱ्हाईक कमी बसतं. तिथे दर आठवड्याला माणूस बदलायचा आणि कमिशन त्या काळापुरतं सगळ्यांमध्ये सारखं वाटायचं. नाहीतर दिवाळीच्या तोंडावर रुसवे निघतात.

गिऱ्हाइकाची बाजू दोन गोष्टींत सांभाळली जाते. बाहेर पहाड (परांची) बांधला आणि नावाची पाटी झाकली गेली, की रस्त्यावरचा माणूस दुकान बंद झालं असंच धरून चालतो. पहाडावरच, नजरेच्या उंचीवर, “दुकान चालू आहे” असा मोठा फलक आणि बाण पहिल्या दिवसापासून हवा. आणि बस्त्याची गादी कधीही काढायची नाही. बस्त्याला आठ-दहा माणसं तीन-चार तास बसतात. त्यांना गादी, पाणी, चहा आणि स्वच्छतागृह लागतं. जागा कमी पडली तर दोन काउंटर कमी करा, रोजच्या साड्यांची मांडणी आवळा, पण गादी आणि तिच्याकडे जाणारी चार फुटांची वाट तशीच ठेवा. ज्यांच्या घरी येत्या मोसमात लग्न आहे त्यांना आधीच फोन करून सकाळी अकराची वेळ द्यावी, त्या वेळी आवाज नसतो.

ठेकेदाराचा दरही याच हिशेबाने ठरवावा. घनफुटाच्या किंवा चौरस फुटाच्या दराने तो आठ तासांचा दिवस धरतो. तुम्ही त्याला अडीच-तीन तास देणार असाल तर तो पहिल्या आठवड्यातच तोट्यात जातो आणि माणसं दुसऱ्या साइटवर पाठवतो. त्याला पाळीप्रमाणे रोख दर द्या, थोडा जास्तच, आणि अट एवढीच घाला, की दहा वाजता झाडून-पुसून दुकान ताब्यात. झाडणारी दोन माणसं फोडणाऱ्यांपेक्षा वेगळी असावीत. घण मारून दमलेल्या माणसाकडून कोपरे निघत नाहीत. अंदाजाच्या वर पंधरा-वीस टक्के रक्कम बाजूला ठेवलेली असावी. भिंतीने ती मागितली नाही तर दिवे चांगले येतील.

दोन गाळे दोन वेगळ्या इमारतींत असतील तर शेवटची एक गोष्ट आवर्जून करायची. अशा ठिकाणी भिंती दोन असतात आणि मधे फट असते. प्रत्येक भिंतीला स्वतःचे गर्डर हवेत, एका इमारतीचा गर्डर दुसरीवर टेकवायचा नाही. फरशीही सलग घालायची नाही. दोन्ही इमारती आपापल्या परीने बसतात, हलतात, आणि सलग घातलेली फरशी पहिल्या उन्हाळ्यात बरोबर त्या रेषेवर तडकते. तिथे अॅल्युमिनियमची झाकपट्टी टाकायची, एका बाजूला स्क्रूने घट्ट, दुसऱ्या बाजूला मोकळी. छतातही तसाच सांधा ठेवायचा आणि वर गच्चीवर त्या फटीवर पत्र्याची टोपी आहे का ते पाहायचं, कारण पुढच्या पावसाळ्यात पाणी आलं तर ते तिथूनच येतं. वरच्या बिऱ्हाडांतल्या काचेच्या पट्ट्या काम संपलं म्हणून काढू नका. एक उन्हाळा आणि एक पावसाळा जाऊ द्या, दर महिन्याला बघा, आणि वायरी, नळ, गर्डर यांचे उघडे असतानाचे फोटो मोजमापांसह छापून गल्ल्याच्या खणात ठेवा.